उभं राहून सही करणारे अप्पा

जे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर अप्पांबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहून मी नेहमीसारखा मोकळा होईन. एका कोर्टाच्या दप्तरात विहिरीच्या वाटणीची एक नक्कल आहे. तिच्या शेवटच्या पानावर, ‘रुजुवात घेऊन अटेस्ट केले’ या शिक्क्याखाली, अप्पांची सही आहे. ती अप्पांनी केलेली नाही. मी केलेली आहे.

कोर्ट कुठलं ते सांगत नाही. लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट आहे, आणि तालुक्याचं गाव होतं, एवढं पुरे.

अप्पांची माझी गाठ त्याआधी नांदेडला पडली. मी नकला करणारा कारकून म्हणून नवा लागलो होतो आणि अप्पा तर्जुमा करायचे. निजामाच्या काळातले उर्दू कागद, वाटण्या, इनामं, निकाल, हे सगळं ते मराठीत आणायचे. मूळचे उदगीरचे, लिंगायत घरातले. घरात कन्नड, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर शिकलेलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, खिशाला दोन पेनं. घरचं कापडाचं दुकान होतं, पण गादीवर बसायचं सोडून हे कोर्टात आले. त्यांचे थोरले भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, “आमचा भाऊ काय करतो? दुसऱ्यानं लिहिलेलं तिसऱ्याला वाचून दाखवतो.” अप्पांना याचा राग नव्हता. ते म्हणायचे, “बराबर सांगून राहिला तो. काम तेवढंच हाय.”

नक्कल करणं म्हणजे समोरचा कागद उतरवून काढणं, एवढंच मला वाटायचं. पहिली नक्कल करून मी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. मूळ कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच.” मी मनात वाचायला लागलो. “मोठ्यानं रे. मला ऐकू आलं पाहिजे.” मग मी मूळ वाचायचं आणि त्यांनी नकलेवर बोट ठेवून पुढं सरकायचं. यालाच रुजुवात म्हणतात. सगळ्या कचेऱ्यांत ती कागदावर घेतात. अप्पांच्या टेबलावर ती तोंडानं व्हायची. स्वल्पविरामसुद्धा वाचावा लागे. “गट नंबर चौदा, स्वल्पविराम, पूर्वेस नाला, स्वल्पविराम,” असं आम्ही दिवसभर करायचो. नाल्यावर नाले आणि बांधावर बांध वाचून माझा घसा बसायचा. शिपाई हुसेनभाई पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे आणि म्हणायचे, “अप्पा, पोराचा गळा गेला तर त्याची नक्कल कुठून आणायची?”

वाचून झालं की अप्पा खुर्ची मागं सरकवायचे, उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि मग सही करायचे. बसून केलेली त्यांची एकही सही मी पाहिली नाही. नव्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला मूळव्याध असेल. एका वकिलानं तर वैद्याचा पत्ता आणून दिला होता. अप्पांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि आभार मानले.

उभं राहण्याचं कारण मला सहा-सात महिन्यांनी कळलं. एक माणूस शाळेच्या दाखल्याच्या नकला घेऊन आला आणि म्हणाला, “अप्पा, जरा अटेस्टेशन मारून द्या.” त्या काळात सगळेच असं म्हणत, अजूनही म्हणतात. अप्पा म्हणाले, “मारायला ती काय माशी हाय?” माणूस हसला, मीही हसलो. तो गेल्यावर अप्पांनी कपाटातून त्यांचा जाड इंग्रजी कोश काढला. हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेला, पुठ्ठा गेलेला, त्याला त्यांनी भावाच्या दुकानातलं मांजरपाट शिवून घेतलं होतं.

“अटेस्ट,” ते म्हणाले. “इंग्रजांचा नव्हे हा शब्द. त्यांनी फ्रेंचांकडून घेतला, त्यांनी रोमवाल्यांकडून. रोमवाले साक्षीदाराला टेस्टिस म्हणायचे. आणि त्याच्या पोटात आणखी जुनी गोष्ट हाय. पंडित लोक सांगतात, त्याचा मूळ अर्थ ‘तिसरा उभा असलेला’. दोघांचा व्यवहार चालू हाय, आणि बाजूला तिसरा उभा हाय. घेणारा नाही, देणारा नाही. नुसता उभा.”

मी हो हो म्हणालो. मला घरी जायचं होतं.

पण अप्पा रंगले होते. वर्षातून एखाद्या वेळी रंगायचे. म्हणाले, “आपल्याकडं साक्षी. म्हंजे डोळ्यांसकट असलेला. इथल्या जुन्या कोर्टात तसदीक म्हणायचे, त्यात सिद्क, म्हंजे सच्चाई. आता बघ दत्ता. अरबानं विचारलं, खरं हाय का? आपल्या माणसानं विचारलं, पाहिलंस का? आणि त्या रोमवाल्यानं एवढंच विचारलं, तू त्या वक्ताला कुठं उभा होतास?” मग म्हणाले, “मला हा तिसरा सवाल लई आवडतो. खरं-खोटं जज्जानं बघावं. डोळे फसतात. पण कुठं उभा होतास, हे तर माणसाला ठाऊक असतंय.”

त्यानंतर मी त्यांना उभं राहताना पाहिलं की मला हसू यायचं नाही.

या शब्दापायी त्यांनी घरात वैर घेतलं. थोरल्या भावानं मृत्युपत्र केलं आणि साक्षीदार म्हणून अप्पांना बोलावलं. हे गेले तेव्हा भावानं आपली सही आधीच करून ठेवली होती. अप्पा म्हणाले, पुन्हा माझ्यासमोर करा. भाऊ म्हणाला, ही माझीच सही आहे, तुला ओळखू येत नाही का? अप्पा म्हणाले, ओळखू येते, पण केलेली पाहिली नाही. भावानं कागद फाडला आणि दोन वर्षं बोलणं टाकलं. अप्पा सणाला जायचे, ओसरीवर बसायचे, वहिनींनी दिलेलं जेवायचे आणि परत यायचे. मला हे हुसेनभाईंनी सांगितलं. अप्पा घरचं काही बोलत नसत.

एकदा धर्माबादकडचे एक पुढारी पुतण्याची कागदपत्रं घेऊन आले. बरोबर चार माणसं. नकला होत्या, मूळ नव्हतं.

“मूळ कुठंय?” अप्पांनी विचारलं.

“घरी हाय अप्पा. मी सांगून राहिलो ना.”

“तुम्ही सांगून राहिलात, मी ऐकून राहिलो. पाहून कुणीच नाही राहिलं.”

पुढारी तणतणत साहेबांकडं गेले. साहेबांनी अप्पांना बोलावलं, समजावलं, आणि शेवटी स्वतः सही करून दिली. अप्पा परत येऊन टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, “वाच पुढं. कुठं होतो आपण?” नाल्याच्या पूर्वेला होतो.

नवा जिल्हा झाला तशा बदल्यांच्या याद्या निघाल्या. उर्दू वाचणारा माणूस तिकडं हवा होता, म्हणून अप्पांची बदली झाली. मी अर्ज करून त्यांच्या मागं गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. नांदेडला माझं घर होतं, आई होती, नवी बायको होती. पण त्यांच्या हाताखाली काम करताना मला मी बरा माणूस वाटायचो.

तिथं पाणी नव्हतं. पहिल्या वर्षी कमी होतं, दुसऱ्या वर्षी आटलं. चावडीवर पाटी नवी लागली होती, नव्या जिल्ह्याचं नाव ठसठशीत रंगवलेलं, आणि खाली घागरींची रांग. तिथला शिपाई म्हणायचा, “सरकारनं जिल्हा दिला, पाणी द्यायचं इसरलं.” टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आला की कचेरीतली अर्धी माणसं उठून जायची, कुणी कुणाला विचारत नसे. अप्पांच्या पत्नीचे गुडघे गेलेले होते, त्यामुळं तेही जायचे. धोतराचा सोगा खोचून दोन्ही हातांत कळशा घेतलेले अप्पा पहिल्यांदा दिसले तेव्हा मी मान वळवली.

कोर्टातही पाण्याचेच दावे. त्यातलाच एक सोजरबाईंचा. नवरा गेलेला, दोन मुली. सामाईक विहिरीवर तिच्या घराची दर चौथ्या दिवशी पाणी घ्यायची बारी होती. सासऱ्याच्या काळातल्या उर्दू वाटणीपत्रात ते लिहिलेलं होतं, अप्पांनी त्याचा तर्जुमा केला आणि त्यावरून तिचा दावा आमच्या कोर्टात मान्य झाला. नवऱ्यानं लावलेली मोसंबीची पन्नासेक झाडं होती तिची. त्या साली तालुक्यात हिरवं म्हणून एवढंच उरलं असेल. थोरल्या घरचा तिचा दीर वरच्या कोर्टात अपिलात गेला. त्यासाठी त्याच्या वकिलानं तर्जुम्याची नक्कल मागितली.

नक्कल मीच केली. शनिवार होता, अर्धा दिवस. वकिलाचा कारकून सकाळपासून दारात उभा, आजच पाहिजे म्हणून. मला नांदेडची दोनची गाडी गाठायची होती. दुसरं कसलंही कारण नव्हतं. कुणी मला काही दिलं नव्हतं, कुणी दम दिला नव्हता. आईनं पुरणपोळ्या करते म्हणून कळवलं होतं.

साडेबाराला बाहेर टँकर आल्याची ओरड झाली. अप्पा उठले. म्हणाले, “मी येईपर्यंत थांब. आलो की वाचू.”

मी एक वाजेपर्यंत थांबलो. सव्वा वाजला. अप्पांचा पत्ता नव्हता. कारकून म्हणाला, “द्या की साहेब, अप्पांचा कागद म्हंजे चूक कुठली असायला.” मी मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून डोळ्यांनीच वरून खाली पाहिलं. ठीक वाटलं. अप्पांच्या खणातून शिक्का काढला. त्यांची सही मी रोज दहा वेळा बघत होतो. एका झटक्यात आली. मी ती बसून केली.

गाडी मिळाली. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

वाटणीपत्रात दोन ओळी लागोपाठ होत्या. पहिली थोरल्या घराच्या बारीची, दुसरी धाकट्या, म्हणजे सोजरबाईंच्या, घराच्या बारीची. दोन्हींचा शेवट एकच: ‘सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाणी घ्यावे.’ उतरवताना पहिल्या ओळीच्या शेवटावरून माझी नजर दुसरीच्या शेवटावर गेली आणि दुसरी ओळ सगळीच गळाली. नकला करणाऱ्या माणसाचीच चूक ही. शेजारी ठेवून नुसतं पाहिलं तर ती पुन्हा तशीच निसटते, कारण डोळा त्याच ठिकाणी पुन्हा घसरतो. मोठ्यानं वाचताना निसटत नाही, ऐकणाऱ्याचं बोट थांबतं. म्हणून तर आमचे घसे बसायचे.

माझ्या नकलेत सोजरबाईंच्या घराची बारीच नव्हती. वर अटेस्ट केल्याचा शिक्का, खाली अप्पांची सही. त्या सहीला जिल्ह्यात मान होता. वरच्या कोर्टानं ती नक्कल पाहून सोजरबाईंना विहिरीवर इंजिन लावायला तूर्त मनाई केली. दाव्याची मूळ मिसल, म्हणजे सगळे कागद, खालून वर जायला आणि ती ओळ सापडायला चार महिने लागले. फाल्गुनापासून आषाढापर्यंतचे चार महिने.

मनाई उठली त्या दिवशी ती आमच्या कचेरीत आली होती. भांडायला नव्हे, वकिलानं कसलासा कागद न्यायला पाठवलं होतं. अप्पांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “झाडं वाळल्यावर कागद गावला व्हय, अप्पा?” अप्पांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी समोरच्या टेबलावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

ती गेल्यावर अप्पांनी नक्कल मागवली. सही बघितली. बराच वेळ बघितली. मग कागद पालथा ठेवला.

चौकशी लागली. चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. एका खोलीत टेबल, त्यांच्यासमोर अप्पा, आणि भिंतीशी खुर्चीवर मी. अप्पांना बसा म्हणाले, ते बसले नाहीत.

“ही सही तुमची?”

“सही माझ्या नावाची हाय. टेबल माझं, शिक्का माझा.”

“म्हणजे तुम्ही न वाचता केलीत?”

“त्या वक्ताला मी जागेवर असायला पाहिजे होतं. नव्हतो. पाणी भरायला घरी गेलो होतो.”

“मग केली कुणी?”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी वाट बघत होतो, त्यांनी पाहावं म्हणून. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो. हे ‘कदाचित’ मी इतकी वर्षं जवळ बाळगलं आहे, आणि आता मला ते खरं वाटत नाही.

“मी तिथं नव्हतो, साहेब. जे पाहिलं नाही ते मी कसं सांगू?”

अधिकारी चिडले. म्हातारा शब्दांत पकडू देत नाही असं त्यांना वाटलं असणार. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, नक्कल तुम्ही केली, तुम्हाला काही सांगायचं आहे?

मी म्हणालो, “नाही.”

मला ताकीद मिळाली. नक्कल करणाऱ्याची चूक होऊ शकते, म्हणूनच रुजुवात असते, असा शेरा होता. अप्पांचा अटेस्ट करण्याचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं. आलेल्या टपालावर नंबर घालायचे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, ती त्यांनी तिथं काढली. त्यांचं टेबल मला मिळालं. तर्जुमा करणारा नंतर कुणी आलाच नाही.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही बरोबरच बाहेर पडलो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून, सहज विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “त्या शनवारी दोनची गाडी मिळाली होती का रे?”

“मिळाली, अप्पा.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि गल्लीत वळले. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणूनच मला त्याचा अर्थ अजून नीट लावता येत नाही. खरंच त्यांना बरं वाटलं असेल का?

त्यानंतर आम्ही एकाच कचेरीत तीन वर्षं होतो. ते नमस्काराला नमस्कार करत. घसा खराब असला तर ज्येष्ठमध देत. मी रोज सांगायचं ठरवून जायचो आणि रोज तसाच परत यायचो. पाऊस पडला, टँकर बंद झाले. सोजरबाईंनी ती झाडं तोडून सरपण केलं आणि रानात ज्वारी पेरली, असं कुणीतरी सांगितलं. मी तिकडं कधी गेलो नाही.

अप्पा निवृत्त होऊन उदगीरला गेले. आठेक वर्षांनी मी एकदा शिरूर अनंतपाळला कामासाठी गेलो होतो, तिथून तसाच पुढं उदगीरला गेलो. या वेळी सांगायचंच म्हणून गेलो. भाऊ वारले होते, पुतणे दुकान चालवत होते. अप्पा दुकानाच्या पायरीशी स्टुलावर बसलेले. वाळले होते, भस्माचे पट्टे सुरकुत्यांत मोडलेले. मला पाहून त्यांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. चहा मागवला. नांदेडची चौकशी केली, हुसेनभाईंची केली. पुतण्याला सांगितलं, “हा दत्ता. लई चांगला वाचायचा.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी आला. कसल्याशा अर्जावर अंगठा केला होता, साक्षीदार म्हणून अप्पांची सही पाहिजे होती. अप्पा म्हणाले, “अंगठा कुठं केलास?” म्हाताऱ्यानं सांगितलं, “घरी केला की.” अप्पांनी पुतण्याकडून कोरा फॉर्म आणि शाई मागवली. म्हातारा कुरकुरला, पण बसला. अप्पा त्याला अर्ज सावकाश वाचून दाखवू लागले, ओळ न् ओळ. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“दत्ता, तुला काही सांगायचं होतं का?”

पुतण्या होता, तो म्हातारा होता, दोन गिऱ्हाइकं होती. पण ते नसते तरी माझं उत्तर तेच आलं असतं, हे आता मी मान्य करतो.

“नाही अप्पा. सहज आलो होतो.”

“बरं,” ते म्हणाले, आणि कागदावर बोट ठेवून, जिथं थांबले होते तिथून पुढं वाचायला लागले. मी दुकानातून उतरलो तेव्हा ते वाचतच होते. अप्पांचं शेवटचं दर्शन एवढंच. ते गेल्याची बातमी मला पंधरा दिवस उशिरा कळली.

मी एक जबाब देणं लागतो. तो असा: त्या शनिवारी दुपारी सव्वाच्या सुमारास अप्पा कचेरीत नव्हते. मी होतो. सही मी केली. हा जबाब अप्पांना द्यायला हवा होता, ते आता होणार नाही. सोजरबाई असतील तर त्यांना अजून द्यायचा आहे. त्यांचं गाव मला माहीत आहे.